ब्लूबेरीची माती आणि खुराक : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

ब्लूबेरीबद्दल या खेपेला इतकी पत्रे आली की अख्खे सदर तिलाच द्यावे लागले. पत्रे न्यू जर्सीपासून पाचगणीपर्यंतची आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाचा सूर एकच : कोणते सेंद्रिय खत घालू? उत्तरांत मात्र खत बरेच उशिरा येईल. या झुडपाचे दुखणे बहुतेक वेळा मातीच्या सामूत, म्हणजे पीएचमध्ये, नाहीतर पाण्यात असते. ब्लूबेरीला सामू 4.5 ते 5.5 लागतो. टोमॅटो, गुलाब, कढीपत्ता ज्या मातीत खुशीत वाढतात, तिथे ती उपाशी राहते.

घराच्या भिंतीलगत, पूर्वेला, मागच्या एप्रिलात चार झुडपे लावली. दोन ब्लूक्रॉप जातीची, दोन ड्यूक. खड्ड्यात कंपोस्ट, पोत्यातले शेणखत आणि हाडांचा चुरा घातला. यंदा नवी पाने पिवळी येत आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या. मे महिन्यात दोनदा सेंद्रिय खत दिले, काही फरक नाही. आता काय द्यावे?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

सध्या काहीही देऊ नका. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण. ऊस-भुईमुगावर आपल्याकडे ज्याला केवडा म्हणतात, तोच प्रकार. नत्र कमी पडले असते तर आधी खालची, जुनी पाने फिकटली असती आणि अख्खे पान एकसारखे फिकटले असते. तुमच्या मातीत लोह असणारच. पण सामू 5.5 च्या वर जाऊ लागला की ते अशा रूपात अडकते की ब्लूबेरीला ते उचलता येत नाही.

याचे कारण तिच्या मुळांत आहे. ती केसांसारखी बारीक असतात, वरच्या 30-45 सेंमी थरातच पसरतात आणि त्यांना इतर झाडांसारखी मूलरोमे नसतात. आम्लधर्मी, निकस, पालापाचोळ्याच्या जमिनीत एका विशिष्ट बुरशीच्या सोबतीने जगायची त्यांची रीत आहे. नत्रही त्यांना अमोनियमच्या रूपात हवे असते. नायट्रेट फारसे पचत नाही. सामू वाढला की जमिनीतले जिवाणू अमोनियमचे नायट्रेट भराभर करतात. म्हणजे लोहही अडकते आणि नत्रही नको त्या रूपात समोर येते. वर आणखी खत घालून फक्त क्षार वाढतात.

तुमच्या ओळीत सामू वर ढकलणाऱ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. घराच्या काँक्रीटच्या पायातून पावसागणिक चुना झिरपतो. हाडांच्या चुऱ्यात कॅल्शियम भरपूर असते. पोत्यातले शेणखत बहुधा उदासीन किंवा अल्कधर्मी असते आणि त्यात क्षारही असतात. शेजारी हिरवळ असेल आणि तिला दरवर्षी चुना मारत असाल, तर तोही धरा.

पहिले काम माती परीक्षण. रटगर्स विद्यापीठाची माती प्रयोगशाळा तुमच्या राज्यातच आहे. आच्छादन बाजूला सारून आठ-दहा ठिकाणची 15-20 सेंमी खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र करा, त्यातली लागेल तेवढी पाठवा. दोन काट्यांचे स्वस्त मीटर मातीत खुपसून मिळणाऱ्या आकड्यावर विसंबू नका.

सामू 5.5 ते 6.5 च्या दरम्यान आला तर गंधक. मोकळ्या जमिनीत 6 वरून 4.5 वर यायला दर चौरस मीटरला रेताड मातीत सुमारे 60 ग्रॅम, पोयट्याच्या मातीत 170 आणि चिकण मातीत 260 ग्रॅम लागते. पण झुडपे उभी असताना ही मात्रा एकदम देता येत नाही, मुळे पोळतात. एका वेळी चौरस मीटरला 50 ग्रॅम द्या, एकदा वसंतात आणि एकदा शरदात. वरच्या दोन सेंमी मातीत हलक्या हाताने मिसळा, आच्छादन परत ओढा, पाणी द्या. गंधकाचे आम्ल जिवाणू करतात आणि त्यांना ऊब, ओल, हवा तिन्ही लागतात. थंड किंवा चिंब मातीत गंधक नुसते पडून राहते, म्हणून तीन महिन्यांच्या आत परिणाम मोजू नका. तोवर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेले लोह, पाकिटावरच्या मात्रेने दिले तर नवी पाने हिरवी येतील. ती मलमपट्टीच.

सामू 6.5 च्या वर निघाला तर मात्र झुडपे हलवा. अजून लहान आहेत, मुळे उथळ आहेत, अवघड नाही. पाने गळल्यावर नोव्हेंबरात, किंवा मार्चमध्ये कळ्या फुगण्याआधी, मुळांचा रुंद आणि उथळ गड्डा काढून भिंतीपासून दोन मीटर दूर लावा. भिंतीजवळ गंधक घालत राहणे म्हणजे पायाशी कायमचे भांडण.

जाता जाता : ब्लूबेरीला आम्ल माती लागते, हे अमेरिकी कृषी खात्याच्या फ्रेडरिक कोव्हिल यांनी 1910 च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले. पुढे एलिझाबेथ व्हाइट यांच्या साथीने लागवडीखालची ब्लूबेरी उभी राहिली ती न्यू जर्सीतच, व्हाइट्सबॉगला. 1916 मध्ये तिथून पहिला माल विक्रीला गेला. तिथली जमीन मुळातच आम्ल आणि रेताड. राज्य तेच असले तरी तुमच्या अंगणातली भर घातलेली माती तशी नाही.

आमच्याकडे लाल चिकण माती आहे. 30 सेंमी खड्डा करून पाणी भरले, दुसऱ्या दिवशीही तळाला पाणी होते. खड्डा मोठा करून पीट भरावे का?
— एक वाचक, कॅरी, नॉर्थ कॅरोलिना

नको. चिकण मातीत खड्डा करून त्यात पीट, म्हणजे दलदलीतले कुजलेले शेवाळ, भरले की ती पाण्याची टाकी होते. चारी बाजूंचे पाणी तिथे येऊन साचते आणि मुळे कुजतात. जमिनीच्या वर या : 30 ते 45 सेंमी उंचीचा गादीवाफा करा.

1.2 मीटर रुंद, 2.4 मीटर लांब आणि 30 सेंमी उंच वाफ्याला सुमारे 860 लिटर मिश्रण लागते. तुमच्या भागात पाइनच्या सालीचा बारीक चुरा सहज मिळतो आणि ब्लूबेरीला त्याहून बरे काही नाही. निम्मा वाफा त्याचाच भरा. 2 घनफुटांच्या सात-आठ पिशव्या. पाव हिस्सा पीट मॉस, म्हणजे 3.8 घनफुटांची दाबलेली एक गाठ. मोकळी केली की ती जवळजवळ दुप्पट होते. उरलेला पाव हिस्सा तुमचीच वरची माती. कोरडे पीट पाणी झटकून टाकते, म्हणून आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवून ठेवा. पिळल्यावर दोन-चार थेंब पडले म्हणजे झाले. वाफा रचण्याआधी खालची चिकण माती काट्याने 15-20 सेंमी उकरून घ्या, नाहीतर सांध्यावर पाणी अडेल. पहिल्या खेपेला एवढ्या वाफ्यात मिळून 250 ग्रॅम गंधक मिसळा, तीन-चार महिने मुरू द्या, सामू मोजा, मग झुडपे लावा. लावण शरदात करणार असाल तर वाफा उन्हाळ्याच्या सुरुवातीला तयार हवा.

कड लाकडी फळ्यांची करा. सिमेंटच्या ठोकळ्यांतून चुना येतो. मशरूमचे कंपोस्ट स्वस्त मिळते, पण त्यात चुना असतो. ते भाजीला ठेवा.

तुमच्या हवामानात रॅबिटआय या दक्षिणेकडच्या ब्लूबेरीच्या जातीही चांगल्या येतात : प्रीमियर, टिफब्लू, पावडरब्लू. परागीभवनासाठी दोन वेगळ्या जाती शेजारी लागतात. आणि रॅबिटआयला खत जास्त झालेले इतरांपेक्षाही कमी सोसते, तेव्हा पुढे मिशिगनच्या वाचकाला दिलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा. नर्सरीतून आणलेल्या झुडपाचा मुळांचा गड्डा तसाच ठेवून लावू नका. चारी बाजूंनी बोटांनी मोकळा करा, नाहीतर मुळे वर्षभर कुंडीच्या आकारातच फिरत राहतात.

पुण्यात बंगल्याच्या आवारात काळी माती आहे. पाणी बोअरचे. ऑनलाइन ब्लूबेरीची दोन रोपे मागवली आहेत. मातीत गंधक घालून जमेल का? की कुंडीतच लावू?
— एक वाचक, पुणे

कुंडीतच. का, ते हिशेबाने पाहा. मूठभर कोरड्या मातीवर घरातले व्हिनेगर ओता. फसफसले तर मातीत मोकळी चुनखडी आहे. दख्खनच्या काळ्या मातीत ती बहुधा असतेच. पांढरे खडे नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. एक चौरस मीटर जागेतली 30 सेंमी खोलीची माती भरते सुमारे 400 किलो. त्यात चुनखडी एक टक्का धरली तर झाली चार किलो. ती नुसती संपवायला सव्वा किलोच्या वर गंधक लागेल, आणि सामू खाली यायला त्यानंतर सुरुवात होईल. चुनखडी पाच टक्के असेल तर गंधक सहा किलोंच्या वर. एवढ्या गंधकाने जो क्षार तयार होतो त्यात झुडूपच टिकणार नाही. खड्डा काढून नवे मिश्रण भरले तरी भोवतालच्या मातीतले चुनकट पाणी आत येतच राहते.

जात आधी तपासा. उत्तरेकडच्या ब्लूक्रॉप, ड्यूक वगैरे जातींना फुलायला 7 अंशांखालची थंडी 800 तास किंवा त्याहून जास्त लागते. पुण्यात ते होणे नाही. बिलॉक्सी, मिस्टी, शार्पब्लू, एमराल्ड अशा कमी थंडीच्या जाती मागा. रोपावर जातीचे नाव नसेल तर परत करा.

कुंडी 18 इंची, म्हणजे साधारण 50 लिटरची. फिकट रंगाची घ्या. काळी पिशवी एप्रिलात मुळे शिजवते. मिश्रण असे : 20 लिटर धुतलेले कोकोपीट, 20 लिटर पाइनच्या सालीचे एक-दीड सेंमीचे तुकडे (ऑर्किडवाल्यांकडे मिळतात), 10 लिटर परलाइट किंवा भाताचे कच्चे तूस. तूस जाळलेले नको, त्यात राख असते. बागेतली माती मुळीच नको. पाच किलोच्या विटेपासून 60 लिटरच्या वर कोकोपीट होते, म्हणजे एका विटेत तीन कुंड्या.

कोकोपीट धुण्यात आळस केला की पुढचे सगळे बिघडते. त्यात सोडियम आणि पालाश अडकलेले असतात. भिजवून, निथळून दोनदा पाणी फेका. मग लिटरला 2 ग्रॅम जिप्सम ढवळलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि पुन्हा धुवा. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला हुसकते, आणि जिप्सम म्हणजे चुना नसल्याने सामू वाढत नाही. शेवटच्या धुण्याच्या पाण्याचा ईसी, म्हणजे क्षार किती ते दाखवणारी विद्युतवाहकता, 0.5 (मिलिसीमेन्स प्रति सेंमी) च्या आसपास आला की पुरे.

कोकोपीटचा सामू 6 च्या आसपास असतो, पीटसारखा 4 नव्हे. म्हणून 50 लिटर मिश्रणात 25 ते 30 ग्रॅम गंधकाची भुकटी नीट मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत सहा ते आठ आठवडे मुरवा. पावडर साधी शेतीची घ्या. फवारणीचे, पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक बुरशीनाशक म्हणून असते. 90 टक्के बेन्टोनाइटच्या गोळ्या चालतात, पण कुंडीत त्या सावकाश फुटतात. मोजणी अशी : एक वाटी मिश्रण, दोन वाट्या डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या पाण्यात पट्टी किंवा 4 आणि 7 च्या द्रावणांत जुळवलेले पेन-मीटर बुडवा.

आता पाणी. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट म्हणजे रोज थोडा थोडा चुना. मिश्रण कितीही उत्तम केले तरी सहा महिन्यांत ते 7 च्या पुढे नेऊन ठेवते. टीडीएस मीटर हे सांगत नाही. प्रयोगशाळेतून ‘एकूण अल्कता’ तपासून घ्या. ती 200 मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर 10 लिटरला सुमारे 3 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिडने पाणी साडेपाचच्या जवळ येते. 1 ग्रॅमपासून सुरू करा, ढवळा, मोजा, वाढवा. मात्र हा तात्पुरता आधार आहे. मातीतले जिवाणू सायट्रिक खाऊन टाकतात आणि अल्कतेचा काही भाग परत येतो. बॅटरीचे अ‍ॅसिड वापरा असे कोणी सुचवील. सेंद्रिय हिशेब बाजूला ठेवला तरी ते घरात हाताळायची वस्तू नाही.

खरा उपाय पागोळ्यांचे पाणी. 10 चौरस मीटर छतावर 100 मिमी पाऊस पडला की हजार लिटर होतात. प्लास्टिकच्या झाकणबंद टाकीत भरा. सिमेंटच्या हौदात नको, तिथेही चुनाच. एसीतून ठिबकणारे पाणीही चालते. आरओने बाहेर टाकलेले पाणी कुंड्यांना घालायची बऱ्याच घरांत सवय असते. ब्लूबेरीला ते बोअरपेक्षा वाईट.

खुराक : रोप लावून सहा आठवडे काही नाही. मग दर पाच-सहा आठवड्यांनी कुंडीला 30 ग्रॅम सरकी पेंड आणि 10 ग्रॅम कडुनिंबाची पेंड, वरच्या थरात मिसळून, वर सालीचे आच्छादन. कडुनिंबाची पेंड इथे दुहेरी कामाची आहे : ती अमोनियमचे नायट्रेट होणे मंदावते. युरियाला कडुनिंबाचा लेप देतात तो त्याचसाठी. एप्रिल-मेच्या उन्हात खत बंद, मार्चपासून दुपारी 50 टक्क्यांची शेडनेट. फळे संपल्यावर छाटणी आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा खुराक.

चहाचा चोथा, कॉफीचा चोथा, आंबट ताक, लिंबाची साले, गंजलेले खिळे : यातले काय खरोखर चालते?
— एक वाचक, नाशिक

वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यातले आम्ल कपात गेलेले असते. चोथा 6 ते 7 च्या दरम्यान, जवळपास उदासीन. त्यात दोनेक टक्के नत्र आहे, म्हणून महिन्याला मूठभर पातळ पसरून चालेल. जाड थर दिला तर तो वाळून पापुद्रा धरतो आणि पाणी अडवतो. चहाचेही तेच, पण साखर-दुधाचा चोथा धुवून घ्या, नाहीतर मुंग्या आणि चिलटे.

ताक : नको. आम्ल दोन दिवसांत जिरते. मीठ, स्निग्धांश आणि वास मागे राहतो. लिंबाच्या साली कुजताना सामू टिकाऊपणे उतरवत नाहीत. गंजलेल्या खिळ्यांतले लोह ज्या रूपात असते ते जास्त सामूच्या मातीत विरघळतच नाही. खिळे नसताना जी अडचण होती तीच खिळे घालून राहते. फवारणीसाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला 2 ग्रॅम, संध्याकाळी, चालते. तुरटी किंवा अ‍ॅल्युमिनियम सल्फेट घालू नका. सामू लगेच उतरतो खरा, पण अ‍ॅल्युमिनियम मुळांना बाधते.

पाइनच्या सुया आच्छादन म्हणून उत्तम आहेत. त्यांनी सामू खाली येतो ही समजूत मात्र जास्तच पसरली आहे. कुजता कुजता त्यांचे आम्ल ओसरते. चुलीची राख, अंड्याची टरफले आणि चुना या तिघांना ब्लूबेरीच्या आसपास फिरकू देऊ नका.

पाच वर्षांची सहा झुडपे आहेत, सामू 4.8, प्रकृती उत्तम. फक्त सेंद्रिय खत किती आणि कधी द्यायचे, ते वजनात सांगा. दुकानात सरकी पेंड, सोयाबीन पेंड आणि रक्ताची भुकटी मिळते.
— एक वाचक, ग्रँड रॅपिड्स, मिशिगन

सामू मोजून मग खत विचारणारे पत्र क्वचित येते. तुमच्या वयाच्या झुडपाला वर्षाला 25 ते 30 ग्रॅम निव्वळ नत्र पुरे. सरकी पेंडीत ते साधारण 6 टक्के, म्हणजे 30 ग्रॅमसाठी 500 ग्रॅम पेंड. सोयाबीन पेंडीत 7 टक्के, म्हणजे 430 ग्रॅम. रक्ताच्या भुकटीत 12 टक्के, म्हणजे 250 ग्रॅम. पिशवीवरचा पहिला आकडा वेगळा असेल तर 3,000 ला त्या आकड्याने भागा. मिळेल ती ग्रॅममधली मात्रा.

निम्मी मात्रा एप्रिलात कळ्या फुगायच्या सुमारास, उरलेली मेअखेरीस. पेंडीतले नत्र जिवाणूंनी मोकळे करावे लागते आणि थंड मातीत त्याला सहा-आठ आठवडे लागतात. फळ धरल्यावर आठवण झाली तर उशीर झालेला असतो. जुलै लागल्यावर काहीच देऊ नका, कारण उशिरा फुटलेली कोवळी फांदी मिशिगनच्या थंडीत शेंड्याकडून काळी पडते. रक्ताची भुकटी झटपट मोकळी होते, म्हणून ती वापरलीत तर तीन हप्ते करा. कुत्रा असेल तर ती टाळाच. वासाने उकरून मुळे उघडी पाडतो. एरंड पेंड तर कुत्र्याच्या जिवावरच बेतते.

आच्छादन बाजूला करा, खोडापासून 15 सेंमी सोडून फांद्यांच्या घेरापर्यंत पेंड पसरा, आच्छादन परत घाला, पाणी द्या. खणू नका, मुळे तिथेच आहेत.

मात्रा बरोबर आहे का, हे झुडूपच सांगते. वर्षातली नवी वाढ 30 ते 45 सेंमी असेल तर ठीक. मीटरभराच्या लुसलुशीत काठ्या आल्या तर पुढच्या वर्षी पाव मात्रा कमी करा. पानांच्या कडा करपल्या तर खत एका जागी जास्त पडले आहे. स्फुरद वेगळा देण्याची गरज सहसा पडत नाही. पालाश कमी असल्याचे परीक्षणात आले तरच सल्फेटच्या रूपात द्या. म्युरिएट ऑफ पोटॅश नको, त्यातले क्लोराइड ब्लूबेरीला सोसत नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रोपांना हीच पेंड वर्षाला 100 ते 150 ग्रॅम, तीन हप्त्यांत. पहिल्या वर्षीची फुले खुडा.

आमची जमीन तांबडी, जांभ्याची. स्ट्रॉबेरीच्या कडेला ब्लूबेरीच्या दोन सऱ्या लावाव्यात असे आहे. शेणखत आणि जीवामृत घरचे आहे. चालेल का?
— एक वाचक, पाचगणी

माती तुमच्या बाजूची आहे. जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते, चुनखडी नसते. परीक्षणात सामू साडेपाच-सहाच्या आसपास आला तर गंधकाने काम भागेल : पोयट्याच्या मातीला 5.5 वरून 4.5 साठी चौरस मीटरला सुमारे 115 ग्रॅम. वाफसा असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये मिसळा आणि उन्हाळाभर ओल टिकवा. जुलैत घातलेले गंधक कामाचे नाही. चिखलात हवा नसते. स्ट्रॉबेरीच्या वाफ्याला मात्र ते लागू देऊ नका, तिला इतके आम्ल नको असते.

तुमचा शत्रू पाऊस आहे. महाबळेश्वरच्या पट्ट्यात महिनोन्‌महिने माती चिंब राहते आणि त्या काळात मुळे कुजवणारी फायटॉप्थोरा बुरशी शिरते. पाने अवेळी लालसर होतात, ओल असूनही झुडूप सुकल्यासारखे दिसते, आणि तोवर उपायाची वेळ निघून गेलेली असते. गादीवाफे 45 सेंमी उंच, उताराला किंचित तिरके, मधल्या चराला बाहेर वाट. भाताचे तूस आणि लाकडाचा कुजलेला भुसा मिसळून माती भुसभुशीत करा. पावसाळ्यात वाफ्यावर पारदर्शक छप्पर टाकता आले तर फारच चांगले.

शेणखत दोन वर्षे मुरलेले असेल तर मिश्रणात दहाव्या हिश्श्याहून जास्त नको; ताजे अजिबात नको. कोंबडीखत तर दूरच ठेवा. अंड्यांच्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना असतो, तो सगळा त्यात उतरतो. जीवामृताबद्दल आमचे मत सावध आहे. गोमूत्राने क्षार आणि सामू दोन्ही चढू शकतात, आणि ब्लूबेरीची गरज इतर पिकांहून उलटी आहे. द्यायचेच तर आणखी दहापट पाणी घालून, महिन्यातून एकदा, एका सरीला. दुसरी सरी सरकी पेंडीवर ठेवा आणि हंगामाअखेर दोन्हींचा सामू मोजा. मोठा पाऊस सुरू होण्याआधी पेंड टाकू नका, नत्र वाहून जाते. मुख्य हप्ता सप्टेंबरअखेर द्या, नंतर थोडा थोडा.

सगळे करतात म्हणून लाकडाच्या ताज्या भुशाचा 10 सेंमी थर दिला. सामू चांगला असूनही जुनी पाने फिकट होऊन वाढ थांबली. भुसा काढून टाकू?
— एक वाचक, पोर्टलंड, ओरेगन

राहू द्या. तुमच्या भागात भुसा वापरतात ते योग्यच आहे, फक्त त्याचा हिशेब खतात धरायचा असतो. भुशात कर्ब अफाट आणि नत्र जवळजवळ शून्य. तो कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र उचलतात आणि झुडूप मागे पडते. वरचा थर मातीत मिसळला असेल तर हे फार जोरात होते. पहिल्या दोन वर्षांत खताची मात्रा दीडपट ते दुप्पट करा. आत्ता लगेच आधार म्हणून मासळीचे द्रवरूप खत पाकिटावरच्या मात्रेने पातळ करून दर दोन आठवड्यांनी, जूनअखेरपर्यंत. पुढे दरवर्षी नवा भुसा दोन-तीन सेंमीच घाला. खोडाला टेकलेला भुसा बोटभर मागे ओढा, नाहीतर साल कुजते.

कुंडीतल्या झुडपांना नळाचे पाणी घालते. किटलीत पांढरा थर बसतो तेच पाणी. पावसाच्या पाण्याचे पिंप सप्टेंबरपर्यंत पुरत नाही. मधल्या दिवसांत काय करू?
— एक वाचक, रेडिंग, इंग्लंड

थेम्सच्या खोऱ्यातले पाणी चुनखडकातून येते, ते जडच असणार. कोरडे पडून मरण्यापेक्षा नळाचे पाणी बरे, तेव्हा पिंप संपले म्हणून झुडूप सुकवू नका. नळाच्या पाण्यात 10 लिटरला 50 मिलिलिटर साधे पांढरे व्हिनेगर घाला. उकळून गार केलेल्या पाण्यातला काही चुना किटलीतच राहतो, तेही चालते, फक्त तळाचा गाळ ओतू नका. एक पिंप आणखी जोडा. छोट्या शेडचे छप्परही त्याला पुरते. दर वसंतात कुंडीचा वरचा पाच सेंमी थर खरवडून काढा आणि आम्लप्रिय झाडांसाठी मिळणारे नवे मिश्रण भरा. साठलेला चुना तिथेच जास्त असतो.